गुण आला, पण कशाने?

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल चाळायची सवय असेल, तर त्यांतलं एक वाक्य पाठ होऊन जातं: यंदा अमुक इतक्या पीडित बालकांना समुपदेशन देण्यात आलं. जोडीला कधी सत्रांची संख्या असते, कधी एखाद्या मुलीने काढलेलं चित्र. देणगीदार समाधानाने पान उलटतो, सरकारी अधिकारी आपल्या तक्त्यात आकडा भरतो. त्या समुपदेशनाने मुलांचं पुढे काय झालं, हे त्या वाक्यातून कळत नाही. संस्थांना दोष देण्यातही फारसा अर्थ नाही, कारण हे त्यांना कुणी विचारतच नाही. आणि विचारलं, तर उत्तर मिळवणं वरून दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे.

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलांवरचे मानसोपचार खरोखर लागू पडतात का, हे तपासणारं एक छोटं, चिवट शास्त्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभं राहिलं आहे. छोटं अशासाठी, की चांगल्या अभ्यासांची संख्या आजही फार मोठी नाही. चिवट अशासाठी, की या विषयात संशोधकाच्या वाटेत जितके अडथळे येतात, तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या विषयात येत असतील. मुलं लहान, घटना गुप्त, घर विस्कटलेलं, पोलीस आणि कोर्ट दाराशी, आणि जे मोजायचं ते मनातलं.

पहिला अडथळा मात्र ऐकायला चांगला वाटेल असा आहे. बरीच मुलं आपली आपण सावरतात.

१९९३ साली कॅथलीन केंडल-टॅकेट, लिंडा मेयर विल्यम्स आणि डेव्हिड फिंकेलहोर या अमेरिकी संशोधकांनी तोवर झालेल्या ४५ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. भीती, दुःस्वप्नं, अंथरूण ओलं करणं, आक्रमकपणा, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं अशा तक्रारी या मुलांमध्ये इतर मुलांपेक्षा जास्त आढळत होत्या, यात नवल नव्हतं. पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये कोणतीच लक्षणं नोंदली गेली नव्हती. आणि ज्या मुलांवर काही काळ लक्ष ठेवलं गेलं, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत सुधारलेली दिसत होती. काहींची अवस्था मात्र या काळात बिघडत गेली.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. अत्याचाराचा परिणाम होत नाही, असा तो मुळीच नाही. त्या मुलांना त्या वेळी जे प्रश्न विचारले गेले, त्यांत काही सापडलं नाही, एवढंच. पण उपचार तपासणाऱ्यासाठी हे आकडे मोठी सूचना देऊन ठेवतात. समजा, एखाद्या केंद्रात वर्षभरात तीस मुलं आली आणि त्यांतली वीस वर्षअखेरीला बरी झाली. केंद्र म्हणणार, आमचा उपचार यशस्वी. पण यांतली बरीच मुलं नुसता वेळ जाऊ दिला असता, तरी सावरली असती. शिवाय मूल समुपदेशकाकडे आणलं कधी जातं? झोप उडाल्यावर, शाळेतून तक्रार आल्यावर, जेवण सुटल्यावर, म्हणजे सगळं अगदी तळाला गेल्यावर. तळावरून पुढे सरकायचं, तर बहुतेकदा वरच सरकता येतं. त्या चढाचं श्रेय समोर जो बसलेला असतो त्याच्या पदरात पडतं, मग तो थेरपिस्ट असो, बुवा असो की मावशी.

मग काय झालं, असं कुणी म्हणेल. मूल बरं झालं ना? उपचाराने फायदा नसेल, तर निदान तोटा तरी कुठे आहे? हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो, कारण चांगल्या हेतूने केलेल्या मानसिक उपचारांनी अपाय झाल्याचं दिसून आलेलं आहे. एके काळी कोणत्याही मोठ्या आघातानंतर माणसाला लगेच बसवून सगळं तपशिलात बोलायला लावायची पद्धत फार लोकप्रिय होती; मन मोकळं केलं की बरं वाटतं, हे कुणालाही पटण्यासारखं. वेल्समध्ये भाजलेल्या प्रौढ रुग्णांवर ती रीतसर तपासून पाहिली, आणि १९९७ साली निष्कर्ष छापून आले. तेरा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा असं बोलून घेतलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, जडलेला होता; ज्यांना तसंच राहू दिलं, त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होतं. बोलतं केलेल्या गटात जास्त भाजलेले रुग्ण थोडे अधिक होते, हे खरं. तरी ‘निदान तोटा तर नाही ना’ असं म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही. जे प्रौढांच्या बाबतीत, ते सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अधिकच जपून म्हणायला हवं.

तेव्हा तुलना हवी. उपचार मिळालेली मुलं आणि न मिळालेली किंवा वेगळा उपचार मिळालेली मुलं, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. थेरपिस्टला निवड करू दिली, तर तो नकळत बोलकी, आईवडिलांचा आधार असलेली मुलं आपल्याकडे घेणार. चिठ्ठीला असा लळा लागत नाही.

इथे बहुतेकांच्या कपाळावर आठी येते. अत्याचार झालेल्या मुलाला चिठ्ठी काढून ‘तू थांब’ म्हणायचं? ब्रिटनमधल्या एनएसपीसीसी या संस्थेपुढे हा पेच होता. एकोणिसाव्या शतकापासून मुलांच्या संरक्षणाचं काम करणारी ही मोठी धर्मादाय संस्था. तिने ‘लेटिंग द फ्युचर इन’ नावाचा उपचारक्रम आखला. थेरपिस्ट आणि मूल यांच्यातलं विश्वासाचं नातं त्याच्या मध्यभागी. वाळू, बाहुल्या, रंग, गोष्टी, खेळ यांच्या आधाराने मुलाने आपल्या गतीने मोकळं व्हावं, अशी त्याची रीत. साधारण वीस सत्रं, गरज पडली तर तीसपर्यंत. शिवाय मुलाला सांभाळणाऱ्या, अत्याचाराशी संबंध नसलेल्या पालकासाठी वेगळी आठेक सत्रं. संस्थेने हा कार्यक्रम स्वतःच तपासला नाही. ब्रिस्टल आणि डरहॅम विद्यापीठांतल्या संशोधकांच्या हाती तो सोपवला. ४ ते १६ वर्षांची २४२ मुलं त्यात सहभागी झाली. काहींना लगेच उपचार, बाकीच्यांना सहा महिने थांबून मग तोच उपचार. अहवाल २०१६ साली आला. अशा स्वरूपाच्या उपचाराची ही तोवरची सर्वांत मोठी चाचणी मानली जाते.

निष्कर्ष बारकाईने वाचण्यासारखे आहेत. आठ वर्षांवरच्या, लगेच उपचार मिळालेल्या मुलांत सुरुवातीला ७३ टक्क्यांना तीव्र भावनिक त्रास होता. सहा महिन्यांनी हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आलं. प्रतीक्षायादीतल्या त्याच वयाच्या मुलांत मात्र म्हणण्याजोगा बदल दिसला नाही. म्हणजे या मुलांपुरतं तरी ‘नुसत्या वेळाने झालं असतं’ असं म्हणता येत नाही. पण उरलेला आकडाही बघा. सहा महिन्यांच्या चांगल्या, खर्चिक, प्रशिक्षित लोकांनी दिलेल्या उपचारानंतरही निम्म्याच्या आसपास मुलं त्रासात होती. संस्थेच्या माहितीपत्रकात पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापला जाईल. काम आखणाऱ्याने दुसरा भिंतीवर लावावा.

आणि आठ वर्षांखालची मुलं? सहा महिन्यांनी त्यांच्यात फरकच आढळला नाही. वर्षभराने सुधारणेची चिन्हं दिसली, पण तोवर प्रतीक्षायादीतल्या मुलांनाही उपचार सुरू झालेले होते. तुलनेला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा लहानांवर उपचार चालतो पण सावकाश, की चालतच नाही आणि मुलं वयानुसार सावरली, हे त्या अभ्यासातून नक्की सांगता येत नाही. तिसरी शक्यताही आहे, आणि ती मला सर्वांत विचार करायला लावते. मोठी मुलं प्रश्नावली स्वतः भरत होती. लहानांची प्रश्नावली पालक भरत होते. ज्या आईला हे नुकतंच कळलं आहे, जिचं लग्न मोडलं आहे किंवा मोडायच्या बेतात आहे, जी रात्ररात्र जागी आहे, ती ‘मूल घाबरतं का?’ या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या भीतीविषयी देते? मुलाचा त्रास आईच्या त्रासातून गाळून आपल्यापर्यंत येतो. मोजपट्टीच थरथरत असेल, तर लांबी बदलली की नाही हे कसं कळणार?

आईचा उल्लेख आला आहे, तर अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. या विषयातला मला सर्वांत सुरेख वाटलेला अभ्यास न्यू जर्सीतल्या एस्थर डेब्लिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. शंभर मुलं, चार गट. पहिल्या गटात फक्त मुलावर उपचार. दुसऱ्यात फक्त आईबरोबर काम, मूल थेरपिस्टकडे आलंच नाही. तिसऱ्यात दोघांवर. चौथ्या गटाला वस्तीत जी मदत उपलब्ध असेल ती घ्यायला सांगितलं. साधी मांडणी, पण तिच्यामुळे एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले: उपचार लागू पडतो का, आणि त्यातला कुठला भाग कशावर लागू पडतो?

ज्या गटांत मुलाबरोबर थेट काम झालं, त्यांत घटनेची भीती, ती डोळ्यांपुढे येणं, तिची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं अधिक कमी झाली. ज्या गटांत आईबरोबर काम झालं, त्यांत मुलाचं खिन्न असणं आणि आरडाओरड, मारामारी, हट्ट असं बाहेर दिसणारं वागणं सुधारलं, मूल स्वतः थेरपिस्टच्या खोलीत न जाताही. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही हे फायदे टिकून होते.

आपल्याकडच्या रिवाजाकडे यानंतर बघितलं की खटकतं. मुलीला खोलीत घ्यायचं आणि आईला बाहेर बाकावर बसवून ठेवायचं, ही आपली सर्रास रीत. आई आत आलीच, तर ‘तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं’ हे ऐकायला. वास्तविक ती आठवड्यातला एक तास सोडून बाकी सगळा वेळ मुलीसोबत असते. मुलगी रात्री दचकून उठली तर काय करायचं, शाळेला जाणार नाही म्हणाली तर किती ताणायचं, नातेवाइकांनी खोदून विचारलं तर काय सांगायचं, आणि स्वतःचा संताप मुलीसमोर कसा आवरायचा, हे तिला कुणी शिकवलं, तर मुलीला गुण येण्याची शक्यता वाढते. हे तीस वर्षांपूर्वी मोजून झालेलं आहे.

डेब्लिंजर आणि पिट्सबर्गमधले ज्युडिथ कोहेन व अँथनी मॅनारिनो यांनी मिळून पुढे जी पद्धत घडवली, ती आज टीएफ-सीबीटी या नावाने जगभर ओळखली जाते. बारा ते सोळा सत्रांची, पायऱ्यापायऱ्यांची ही पद्धत. आधी मुलाला आणि पालकाला सांगायचं, की तुला जे वाटतंय ते असं झालेल्या पुष्कळ मुलांना वाटतं. मग श्वास, स्नायू सैल सोडणं, भावनांना नावं देणं. ‘माझीच चूक होती’ या विचाराशी झगडायला शिकवणं. त्यानंतर, पायाखालची जमीन थोडी घट्ट झाल्यावर, मुलाने जे घडलं त्याची कहाणी स्वतःच्या शब्दांत हळूहळू तयार करायची. कुणी वही करतं, कुणी चित्रं काढतं, कुणी गाणं रचतं. शेवटी ती कहाणी, तयारी करून घेतलेल्या पालकासमोर मांडायची. आणि मग पुढच्या सुरक्षिततेचे धडे. वेल्समधल्या रुग्णांना लगेच बोलायला लावलं होतं, ते आणि हे यांतला फरक या क्रमात आहे. बोलायचं दोन्हीकडे, पण इथे आधी हातात काहीतरी दिलं जातं आणि वेगाची दोरी मुलाकडे असते.

२००४ साली या तिघांनी आणि रॉबर्ट स्टीअर यांनी ८ ते १४ वयाच्या २२९ मुलांवर मोठी चाचणी केली. तुलनेला प्रतीक्षायादी ठेवली नव्हती. दुसरा, चांगलाच मानला जाणारा उपचार होता: मुलाच्या कलाने जाणारं, ऐकून घेणारं, आधार देणारं समुपदेशन. यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराखेरीज दुसराही एखादा आघात सोसलेला होता. ही काही निवडून घेतलेली ‘सोपी’ प्रकरणं नव्हती. भीती, खिन्नता, वागणं, शरम, स्वतःला दोष देणं या सर्व बाबतींत टीएफ-सीबीटीचा गट पुढे राहिला. पालकांची स्वतःची उदासीही अधिक कमी झाली. प्रेमाने ऐकून घेणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही, हे या अभ्यासातून निघालं. समुपदेशनाच्या पेशातल्या अनेकांना ते रुचलं नाही, आणि का रुचलं नाही हे समजण्यासारखं आहे.

मग त्यांनी स्वतःच्याच पद्धतीचे सुटे भाग तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ ते ११ वर्षांच्या २१० मुलांचे चार गट केले: आठ सत्रं किंवा सोळा, आणि कहाणी तयार करण्याची पायरी घेऊन किंवा वगळून. सगळ्याच गटांत सुधारणा झाली. पण आठ सत्रांत कहाणीसकट उपचार झालेल्या मुलांची घटनेशी जोडलेली भीती आणि एकूण धास्ती सर्वांत चांगली ओसरली. उलट सोळा सत्रं, कहाणी नाही आणि तो वेळ पालकांच्या कौशल्यांना, या गटात मुलांचं दंगेखोर वागणं जास्त सुधारलं. म्हणजे ‘सर्वांत चांगला उपचार कुठला?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा प्रतिप्रश्न करावा लागतो. रात्री झोपू न शकणारी मुलगी आणि वर्गात बाकं फेकणारा मुलगा यांना एकाच साच्यातून काढण्यात अर्थ नाही.

आता या कौतुकाला थोडी खीळ घालतो. ज्यांनी पद्धत घडवली, त्यांनीच ती तपासली. यात लबाडी असते असं नव्हे. पण आपल्या पद्धतीचे थेरपिस्ट आपण जास्त उत्साहाने तयार करतो, त्यांच्यावर जास्त देखरेख ठेवतो, आणि आपल्याला ज्यात फरक पडेल असं वाटतं तेच मोजायला घेतो. म्हणून स्वतंत्र लोकांनी केलेल्या पडताळणीला किंमत असते. जेराल्डिन मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन या संघटनेसाठी २०१२ साली असा आढावा घेतला. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलांवरच्या या जातकुळीच्या उपचारांच्या दहा चाचण्या, एकूण ८४७ सहभागी. त्यांचा निष्कर्ष सावध होता: खिन्नता, पीटीएसडी आणि चिंता यांवर उपयोग होण्याची शक्यता दिसते, पण परिणाम फार तर मध्यम आहे आणि अनेक निकाल योगायोगाच्या कक्षेबाहेर गेलेले नाहीत. थोडक्यात, उपचार चांगला आहे, चमत्कार नाही.

दुसऱ्या घराण्यांनीही आपले उपचार तपासले आहेत. लंडनच्या जुडिथ ट्रॉवेल यांनी २००२ साली ७१ मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: एकीकडे तीसपर्यंत वैयक्तिक मनोविश्लेषणात्मक सत्रं, दुसरीकडे अठरापर्यंत सामूहिक सत्रं. दोन्ही गट सुधारले. पीटीएसडीच्या बाबतीत वैयक्तिक सत्रांचा गट थोडा पुढे. इराणमध्ये अवघ्या १४ मुलींवर दोन पद्धतींची तुलना झाली. इतक्या थोड्या संख्येवरून एक पद्धत दुसरीपेक्षा सरस म्हणणं म्हणजे दोन षटकं बघून मालिकेचा निकाल सांगणं. तरी मी त्या अभ्यासाला हसणार नाही. तिथे तेवढ्या मुली मिळवणं हेच मोठं काम असणार.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत कामाचे अभ्यास ते, ज्यांत नामवंत थेरपिस्ट नव्हते. फिलाडेल्फियात बलात्कारपीडितांसाठीच्या केंद्रात एडना फोआ यांच्या गटाने १३ ते १८ वर्षांच्या ६१ मुलींबरोबर काम केलं. उपचार देणाऱ्या तिथल्याच नेहमीच्या समुपदेशक होत्या, या पद्धतीचा पूर्वी अनुभव नसलेल्या. तरीही आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवणाऱ्या उपचाराचा फायदा नुसत्या आधारापेक्षा जास्त झाला आणि वर्षभर टिकला. हे २०१३ सालचं. त्याच वर्षी काँगोच्या पूर्व भागातला एक अभ्यास आला. युद्धाच्या छायेत वाढलेल्या, लैंगिक शोषण झालेल्या १२ ते १७ वयाच्या ५२ मुली. टीएफ-सीबीटीचं स्थानिक रूप, गटात, पंधरा सत्रं, आणि चालवणारी माणसं मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. प्रतीक्षायादीतल्या मुलींच्या तुलनेत त्यांच्यात झालेली सुधारणा मोठी होती आणि तीन महिन्यांनीही ती टिकून होती. झांबियात लुसाकाच्या वस्त्यांमध्ये ५ ते १८ वर्षांच्या २५७ मुलांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा प्रशिक्षित केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी दिलेल्या टीएफ-सीबीटीने आघाताची लक्षणं सुमारे ८२ टक्क्यांनी घटली, नेहमीच्या सेवा मिळालेल्या मुलांत सुमारे २१ टक्क्यांनी. ही सगळी मुलं लैंगिक अत्याचारातूनच गेलेली नव्हती. अनाथपण, हिंसा, आजार असे नाना आघात त्यांत होते.

ही वाट आपल्याला परकी नाही. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने नेमकं हेच प्रौढांच्या नैराश्याबाबत करून दाखवलं: या विषयातली पदवी नसलेल्या, पण शिकवलेल्या आणि देखरेखीखालच्या समुपदेशकांनी उपचार द्यायचे, आणि ते चिठ्ठ्या टाकून, तुलना करून तपासायचे. गोव्यातल्या दवाखान्यांमधल्या त्यांच्या चाचण्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. तेव्हा आपल्याकडे असं काही जमत नाही, ही सबब चालणार नाही. ते नैराश्यात जमलं. अत्याचारातून गेलेल्या मुलांच्या बाबतीत तसं काम फारच थोडं आहे.

गरज नाही म्हणावं, तर केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अभ्यास समोर आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं, तेव्हा ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. निम्मे अत्याचारी ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. पुढे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मुलांबरोबर या विषयावर काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणं आणि साहित्य तयार केलं. मुंबईतली ‘अर्पण’ शाळांमध्ये सुरक्षिततेचे धडे देण्याबरोबरच मुलांना मानसोपचारही देते. काम होत आहे. मोजणं मागे पडलं आहे.

त्याला केवळ आळस कारण नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या कोणालाही तो कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. संशोधकाने प्रश्नावली घेऊन शाळेत जावं आणि एखाद्या मुलीने ‘हो’वर खूण करावी, की तो संशोधक राहत नाही, खबर देणारा होतो. मुलीला हे आधी सांगितलं तर ती खूण करणार नाही. न सांगितलं तर तिची फसवणूक. म्हणून आपल्याकडे अभ्यास करता येण्याजोगी मुलं म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार नोंदली गेली ती, आणि तक्रारीनंतरचं आयुष्य म्हणजे तारखांचं आयुष्य. कायदा म्हणतो, शक्यतो वर्षाच्या आत खटला संपवा. पण ‘शक्यतो’ हा शब्द आपल्या न्यायालयांत किती ताणला जातो, हे कुणाला सांगायला नको. सुरुवातीचं मोजमाप जबाबाच्या आठवड्यात केलं आणि शेवटचं उलटतपासणीच्या आदल्या दिवशी, तर कितीही चांगला उपचार नापास होईल. नेमकं उलट झालं, तर कितीही सुमार उपचार पहिल्या वर्गात येईल. भारतातल्या कोणत्याही मूल्यमापनात प्रत्येक मोजणीशेजारी खटला त्या दिवशी कुठे होता हे लिहिलेलं असायला हवं. परदेशी प्रश्नावल्यांत त्यासाठी जागा नसते, ती आपणच करायची.

चिठ्ठ्यांच्या नैतिकतेचा प्रश्नही इथे वेगळा दिसतो. जिल्ह्यात एकच प्रशिक्षित समुपदेशक असेल आणि बालकल्याण समितीकडून वीस मुलं पाठवली गेली असतील, तर पंधरा जण तसेही थांबणारच आहेत. आज कोण आधी जातं? ज्याचा मामा पाठपुरावा करतो तो, ज्याला तालुक्याहून एसटी सोयीची आहे तो. त्यापेक्षा चिठ्ठी न्याय्य. अर्थात, ज्या मुलाच्या जिवाला धोका आहे, जो स्वतःला इजा करतो आहे, त्याला चिठ्ठीत घालायचं नाही. सगळे जबाबदार अभ्यास हे पथ्य पाळतात.

आणि विद्यापीठाच्या पातळीची चाचणी जमली नाही, तरी साध्या केंद्राला पुष्कळ काही करता येतं. तीच प्रश्नावली सुरुवातीला, शेवटी आणि पुन्हा सहा महिन्यांनी. ती भरून घेणारी व्यक्ती उपचार देणाऱ्या ताईंपेक्षा वेगळी, कारण ज्या ताईंनी इतका जीव लावला त्यांना ‘अजून बरं नाही वाटत’ असं सांगायला मूल कचरतं. सुरुवातीलाच लक्षणं नसलेल्या मुलांची वेगळी नोंद, नाहीतर जे मुळात आजारीच नव्हतं ते बरं झाल्याचं श्रेय मिळतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, मधूनच यायची थांबली त्या मुलांचा हिशेब. ही मुलं अहवालातून गुपचूप गळतात. काही बरी झाली म्हणून थांबतात, काहींना उपचारच झेपला नाही म्हणून, काहींच्या घरात तडजोड झाली म्हणून, काहींच्या बापाने बंद केलं म्हणून. शेवटपर्यंत टिकलेल्यांचीच सरासरी काढली, तर ज्यांना सर्वांत जास्त त्रास होता तेच हिशेबाबाहेर राहतात.

काय मोजायचं, हे ठरवताना मुलांना विचारलं तर उत्तरं वेगळी येतात. लक्षणांच्या यादीत ‘घटनेची आठवण टाळणे’ असतं. मुलीच्या यादीत आजीकडे पुन्हा राहायला जाता येणं असतं, नाहीतर आईचं रडणं थांबणं. दोन्ही याद्या ठेवाव्यात, असं मला वाटतं. पहिल्या यादीमुळे जगातल्या इतर अभ्यासांशी तुलना होते, दुसरीमुळे आपण कुणासाठी हे करतो आहोत त्याचं भान राहतं.

राहिला प्रश्न काळाचा. १९९३ च्या त्या आढाव्यातली लक्षणं नसलेली मुलं पुढे कधी अडखळली का, हे समजायला मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. सातव्या वर्षी सावरलेली मुलगी तेराव्या वर्षी, शरीर बदलू लागल्यावर, तीच घटना नव्या समजुतीने पुन्हा पाहते. बहुतेक प्रकल्पांचा निधी मात्र दोन-तीन वर्षांचा. त्यातही आपल्याकडे कुटुंब गाव बदलतं, शाळा बदलतं, नंबर बदलतं, आणि मुलीच्या नव्या आयुष्यात संस्थेचा एक फोन गेला तरी सगळं उघडं पडू शकतं. म्हणून जिथे हा पाठपुरावा गंभीरपणे करायचा आहे, तिथे तो शेवटी ठरवून चालत नाही. फोन कुणाच्या नंबरवर करायचा, कोणत्या वेळी, दुसऱ्याच कुणी उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगायचं, आणि पत्राच्या पाकिटावर संस्थेचं नाव असावं की नसावं, हे उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात मुलीला आणि आईला विचारून लिहून ठेवावं लागतं.